पिकअप घेत नाय

कमळाकर मोकलची गाडी चालायला चांगली होती. पळ म्हटलं की मात्र ती थांबून विचार करायची.

रामवाडीतलं घर ते पेणचा बाजार, बाजार ते कचेरी, कचेरी ते पुन्हा घर, एवढ्या टापूत ती गरीब गाईसारखी जायची-यायची. पण हायवेला लागून पुढच्या एखाद्या टेंपोला मागे टाकायची वेळ आली आणि कमळाकरने छाती भरून रेस दाबली, की गाडी एक उसळी घ्यायची आणि लगेच, कुणीतरी शेपूट धरल्यासारखी अडखळायची. इंजिन ओरडायचं, बोनेट थरथरायचं, पण गाडी पुढे सरकायला तयार नसायची. मग कमळाकर घाबरून रेस सोडायचा, टेंपो आपल्या वाटेने निघून जायचा, आणि शेजारच्या सीटवरून सासरे म्हणायचे, "दाबा की जावयबापू! भिता कशाला? मी बसलोय ना हितं!"

सासरे, म्हणजे गुणाजी भगत, हे रोहा डेपोत एकतीस वर्षं यष्टी चालवून निवृत्त झालेले. एकतीस वर्षांत एक अपघात नाही. कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला त्यांनी चौकटीत घालून रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या घरी पुढच्या खोलीत लावला होता आणि आलेला पाहुणा नेमका त्याच्यासमोर बसेल अशी खुर्ची मांडली होती. पाहुणा बसला की गुणाजी खिंडीतल्या बिबट्यापासून सुरुवात करत. मग पुराच्या पाण्यातून काढलेली गाडी, मग उतारावर समोरून दिवे न लावता आलेला ट्रक. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तेच वाक्य असे, "डरायवरानं भ्यायचं नसतं. भ्याला तो मेला."

गाडी त्यांनीच पसंत केलेली होती. रोह्याचा नाथा मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. पंच्याण्णव साली त्याने शिकवायला नवी गाडी घेतली आणि जुनी पांढरी फियाट विकायला काढली. कमळाकर पाटबंधारे खात्यात वरिष्ठ कारकून होता. तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय तो घरात कुंचासुद्धा आणत नसे. पण गुणाजींनी नाथाच्या दारात उभं राहून टायरला लाथ मारली, धुराचा वास घेतला, बोनेटला कान लावला आणि सांगितलं, "चांगल्या घरची हाय. घ्या." पुढे दरपत्रकाचा प्रश्नच उरला नाही. शिवाय त्यांनी नाथाकडून पुढच्या बाजूला घालायची जाड काथ्याची चटई फुकट मिळवली. तिचं कौतुक ते गाडीपेक्षा जास्त करत.

तेव्हा गाडीला नाव ठेवणं म्हणजे सासऱ्यांना नाव ठेवणं होतं.

कमळाकर छत्तिसाव्या वर्षी गाडी शिकला होता. गावात तो एकटा चालवायचा, तेही दुसऱ्या गिअरमध्ये, हॉर्न देत देत. हायवेसाठी मात्र गुणाजींनी कडक नियम घालून दिला होता. "मी बाजूला असल्याबिगर हायवेला गाडी घालायची नाय. हायवे म्हंजे पेणचा भाजीबाजार नव्हं."

हा नियम कमळाकर आणि त्याची बायको शांती दोघेही पाळत. त्यामुळे सासुरवाडीला जायचं झालं की गुणाजी पहाटे उठून रोह्याच्या स्टँडवर येत, यष्टीने पेणला पोचत, लेकीच्या हातचा चहा पीत आणि मग जावयाच्या गाडीत पुढे बसून रोह्याला परत जात. दुसऱ्या दिवशी जावयाला सुखरूप पेणला पोचवून पुन्हा यष्टीने आपल्या घरी. एका भेटीसाठी म्हातारा तो रस्ता चार वेळा तुडवायचा. मधल्या रविवारी सरावासाठी पेण ते नागोठणं आणि परत, ते वेगळंच.

गाडी पहिल्यांदा अडखळली ती गडबजवळ. पुढे पेंढ्याचा टेंपो होता. गाडीने दोन गचके दिले आणि ती मागे राहिली. गुणाजींनी बोट वर केलं.

"काब्रेटर."

तेवढा एकच शब्द. कमळाकरने गाडी वळवून रामवाडीच्या जगनकडे आणली.

जगनचं गॅरेज हायवेला लागूनच होतं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. इंजिन चालू असताना तो डोळे मिटून मान हलवायचा. त्याने कार्बोरेटर उतरवला, धुतला, फुंकला. जेटमधून चिमूटभर कचरा निघाला. तो गुणाजींनी तळहातावर घेऊन जमलेल्या सगळ्यांना दाखवला. मग ते समोर चहाला गेले आणि जगन एकटाच गाडी घेऊन वडखळपर्यंत जाऊन आला.

"काय करते?" कमळाकरने विचारलं.

"पाखरू हाय, पाखरू."

पुढच्या रविवारी पाखरू पुन्हा त्याच टेंपोमागे बसलं.

"मंग इंजिनातल्या पेट्रोलपंपाचा पडदा," गुणाजी म्हणाले. जगनने पडदा बदलला. गाडी घेऊन गेला, आला. "पळते." रविवारी पळाली नाही. मग प्लग झाले, पॉइंट झाले, हवेचा फिल्टर झाला. प्रत्येक वेळी जगनच्या हातात गाडी तीरासारखी जाई. एकदा तर त्याने कमळाकरला शेजारी बसवून दोन ट्रक आणि एक जीप मागे टाकून दाखवली. कमळाकरने दोन्ही हातांनी सीट धरली होती, पण गाडीत खोट काढायला जागा नव्हती.

चौथ्या रविवारी टाकी उतरवली. तळाशी माती होती आणि मातीत एक निळं प्लॅस्टिकचं बूच होतं. ते बघून तिघांनाही भरून आलं.

"ह्योच चोर!" गुणाजी म्हणाले. "जोरात रेस दिली का ह्यो नळीच्या तोंडावर जाऊन बसतो. पेट्रोल बंद. रेस सोडली का ह्यो बाजूला. तुमच्या ध्यानात येतंय ना जावयबापू?"

ध्यानात येत होतं. इतकं पटण्यासारखं कारण आजवर मिळालं नव्हतं. जगनने टाकी धुऊन बसवली. गुणाजींनी बूच खिशात टाकलं, घरी नेऊन शांतीला दाखवलं, शेजारच्या धोंडुबाईला दाखवलं. शांतीने शिरा केला. संध्याकाळी सगळे हायवेला लागले. पुढे वाळूचा ट्रक आला, कमळाकरने हसत हसत रेस दाबली आणि गाडी नेहमीसारखी अडखळली.

 गडबला चहाच्या टपरीवर त्यांनी गाडी थांबवली, तर मागून येणारा एक ट्रकवालाही तिथेच उतरला. तो गाडीभोवती एक चक्कर मारून कमळाकरला म्हणाला, "ओ शेठ, बिरेक मारून कोण पुढं काढतो? मरायचाय काय?"

"कोण बिरेक मारतंय?" गुणाजी उसळले. "एकतीस वर्सं यष्टी चालवलीय मी! मला शिकवतो?"

"तुम्ही नाय वो, हे चालवत होते."

"ते माझे जावई हायत!"

ट्रकवाल्याने हात जोडले आणि चहा सांगितला. आजकाल ट्रकवर कुणालाही घेतात, असं परतीच्या वाटेवर गुणाजी तीनदा म्हणाले.

त्यानंतर त्यांनी शेवटची परीक्षा घेतली. स्वतः चालवायला बसले, कमळाकरला शेजारी बसवलं आणि नागोठण्यापर्यंत जाऊन आले. गाडी एकदाही अडखळली नाही. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या, ओटीवर बसले आणि निकाल दिला.

"जावयबापू, वाईट वाटून घेऊ नका. रोग गाडीत नाय. तुमच्या पायात हाय."

"पायात?"

"पाय एकसारखा पडत नाय तुमचा. धसकन् दाबता, गाडी दचकते. जनावर आन् गाडी सारखीच. शांते, तुझी मशीन कुठं हाय गो?"

शांतीचं शिलाई मशीन पायाचं होतं. दुसऱ्या दिवसापासून कमळाकर कचेरीतून आला की अर्धा तास मशीनवर बसू लागला. पायडल एका लयीत, न थांबता, न दचकता मारायचं. नुसतं मोकळं मारलं तर पायाला अंदाज येत नाही, म्हणून शांतीने सुईखाली जुनी चादर दिली. चार दिवसांत चादर संपली. पाचव्या दिवशी धोंडुबाई उशांचे अभ्रे घेऊन आली.

"नायतरी ते शिवतातच हायत गो, तर माझे पण घालून दे."

कमळाकरने अभ्रे शिवले. मग कुणाचा परकर आला, कुणाची पिशवी. शिवण सरळ येऊ लागली. कचेरीत ही बातमी पोचली तेव्हा साहेबांनी त्याला बोलावून, काही अडचण आहे का, असं आडून आडून विचारलं. कमळाकर म्हणाला, "गाडीसाठी करतोय साहेब." साहेबांनी पुढे काही विचारलं नाही, पण दोन दिवस ते त्याच्याशी फार मऊ आवाजात बोलत होते.

आणि रविवारी गाडी अडखळली.

आता मात्र कमळाकरला रात्री झोप येईना. कारण मेच्या दुसऱ्या आठवड्यात मेहुणीचं, प्रतिक्षाचं लग्न होतं. नवरामुलगा, मिथुन, पेणचाच होता. लग्न अष्टमीला, मुलीच्या दारात. बोलणी चालू असताना गुणाजींनी भर बैठकीत सांगून टाकलं होतं, "नवरदेव यष्टीनं, टेंपोनं यायचा नाय. माझ्या थोरल्या जावयाची गाडी हाय. तीतनं आणू." म्हणजे मुंडावळ्या बांधलेला नवरदेव मागे बसणार आणि पुढे रस्त्यात गाडी विचार करत उभी राहणार.

"मी नाय चालवत," कमळाकर शांतीला म्हणाला. "जगनला घेऊन जा. त्याच्या हातात नीट पळते."

"थोरला जावई गप बसणार आन् मेकॅनिक नवरदेव आणणार? लोकं काय बोलतील?"

"भर रस्त्यात गाडी अडली तर लोकं माझ्या पायाबद्दल बोलतील, त्याचं काय," असं काहीतरी तो म्हणाला आणि जगनकडे गेला.

जगनलाही ती गाडी आता डोळ्यांसमोर नको होती. दीड महिना तो तिच्यापुढे हात टेकत होता. त्याने जरा वेळ विचार केला आणि हात पुसले.

"भाऊ, ही गाडी मला ओळखते. मी बसलो का शाणी होते. आता मी बसतच नाय. तुम्ही नेहमीसारखं जा. मामांना घ्या, वहिनींना घ्या. मी स्कूटरवरनं मागनं येतो."

त्या रविवारी वरात निघावी तशी मंडळी निघाली. पुढे गाडीत कमळाकर, त्याच्या शेजारी गुणाजी, मागे शांती, आणि त्यांच्या मागे पन्नास पावलांवर, चोरावर पाळत ठेवल्यासारखा, स्कूटरवर जगन. गडबपर्यंत कमळाकरने तीनदा पुढे काढायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा गुणाजी "दाबा, दाबा!" म्हणून ओरडले आणि तिन्ही वेळा गाडी अडखळली.

टपरीपाशी गाडी थांबली. गुणाजी उतरून चहा सांगायला गेले. जगनने कमळाकरला डिकीपाशी घेतलं.

"भाऊ, रागावू नका. पुढं काढताना ब्रेक का मारता?"

"मी? ब्रेक?"

"तीन वेळा काढायला गेलात. तिन्ही वेळा मागचे लाल दिवे लागले. मी डोळ्यांनी बघितले."

"अरे, रेसवर होता माझा पाय! एकच पाय दोन ठिकाणी कसा आसंल?"

"त्योच इचार करतोय मी," जगन म्हणाला. तो गाडीच्या डाव्या बाजूला गेला, दार उघडलं, वाकला आणि ती फुकटची काथ्याची चटई उचलली. चटईखाली एक लोखंडी दांडी होती. वरचं टोक करवतीने कापलेलं, खालचं टोक आडव्या सळीला जोडलेलं, आणि ती सळी थेट ड्रायव्हरच्या बाजूला गेलेली.

"ड्रायव्हिंग स्कूलची गाडी ना ही? शिकवणाऱ्या मास्तरचा ब्रेक हाय ह्यो. नाथानं वरचा पाटा कापला, पण दांडी तशीच ठेवली आन् वर चटई टाकली." जगनने दांडीवर अंगठा दाबला. तिकडे ड्रायव्हरच्या बाजूचं ब्रेकचं पायडल, कुणीही हात न लावता, हळूच खाली वाकलं आणि पुन्हा वर आलं.

कमळाकर पायडलकडे बघत राहिला. मग त्या दांडीकडे. मग त्या दांडीमागच्या रिकाम्या सीटकडे.

शांतीला त्याच्या आधी समजलं होतं. तिने टपरीकडे बघितलं. बाकड्यावर बसून गुणाजी टपरीवाल्याला उतारावरच्या ट्रकची गोष्ट सांगत होते. डाव्या हातात चहाचा ग्लास होता, उजवा हात स्टिअरिंग फिरवत होता, आणि ट्रक समोर आला की त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे जाऊन जमीन दाबत होता. घट्ट. चपलेचं टोक मातीत रुतेपर्यंत.

शांतीने पदर तोंडात कोंबला. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. मग डोळे पुसून ती गंभीर झाली.

"बाबांना बोलायचं नाय हां कुणी."

"का म्हणून?" कमळाकर म्हणाला. इतक्या दिवसांची शिलाई त्याच्या घशाशी आली होती. "मी लोकांचे परकर शिवले!"

"म्हणूनच. तुम्हाला चार दिवस लोक हसले. त्यांना जन्मभर हसतील. लग्न आठ दिसांवर हाय, सगळी नातीगोती यायची हायत. त्या बिल्ल्याबिगर म्हाताऱ्याकडं दुसरं काय हाय?"

 टपरीवरून गुणाजींचा आवाज येत होता, "भ्याला तो मेला!"

"मी दांडी काढून टाकतो," जगन म्हणाला. "चटई परत टाकायची. इषय संपला."

गुणाजींना सांगितलं की गाडी एक दिवस जगनकडे ठेवायची आहे, कार्बोरेटर पुन्हा बघायचा आहे. दुसऱ्या दिवशी कमळाकरने मनावर दगड ठेवून सांगितलं, "मामा, काब्रेटरच होता."

"मी पयल्या दिवशीच बोललो नव्हतो?" गुणाजी म्हणाले आणि आनंदाने अष्टमीला गेले.

लग्नाच्या दिवशी मुलीचा बाप घरात असावा अशी साधारण पद्धत आहे. पण नियम म्हणजे नियम. सकाळी मांडवात वाजंत्री वाजू लागायच्या आत गुणाजी नवं धोतर, कोट आणि कोटावर चौकटीतून काढलेला बिल्ला लावून रोह्याच्या स्टँडवर गेले आणि पेणची यष्टी पकडली. शांतीसकट सगळ्या बायका ओरडत राहिल्या. "जावई एकटा हायवेला कसा येईल?" एवढंच ते म्हणाले.

पेणला नवरदेवाच्या घरी उशीर झाला. आधी फेटा सापडेना, मग मिथुनची आत्या विमलबाई सापडेना. ती शेजाऱ्यांकडे इस्त्री करत होती. गाडी निघाली तेव्हा मुहूर्ताला दीड तास उरला होता. मागे मिथुन मुंडावळ्या सावरत बसला, त्याच्या शेजारी मांडीवर नारळ घेऊन विमलबाई. पुढे गुणाजी, सारखे घड्याळ बघत.

वडखळ गेलं आणि पुढे मिठाच्या गोणींनी भरलेला ट्रक लागला. तो अशा चालीने चालला होता, की मीठ विरघळेल अशी त्याला भीती असावी. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"जावयबापू, काढा पुढं! मुहूर्त जाईल!"

कमळाकरने समोर पाहिलं. रस्ता बराच लांबवर मोकळा होता. दूरवर एक जीप दिसत होती. त्याने हॉर्न दिला, गाडी उजवीकडे घेतली.

"दाबा! दाबा!" गुणाजी ओरडले. "भिता कशाला?"

कमळाकरने दाबली. इतके दिवस शिलाईचं पायडल मारून कमावलेल्या पायाने, एकसारखी, न दचकता, तळापर्यंत दाबली. आणि गाडी सुटली. आजवर जिचं शेपूट कुणीतरी धरून ठेवलं होतं ती गाडी एकदम मोकळी झाली. मिठाच्या गोणी सरसर मागे जाऊ लागल्या. समोरची जीप मोठी होऊ लागली.

"आरं ब्रेक!" गुणाजींचा आवाज चिरकला. "ब्रेक गेला! ब्रेक गेला!"

विमलबाईने नारळ छातीशी धरून देवाचा धावा सुरू केला. मिथुनने मुंडावळ्या वर करून खिडकीतून उडी मारता येईल का ते पाहिलं.

"ब्रेक हाय मामा," कमळाकर शांतपणे म्हणाला. "माझ्याकडं हाय."

"मग मी दाबतोय तर लागत का नाय?"

ट्रक मागे पडला. गाडी आपल्या बाजूला आली. जीप हॉर्न देत निघून गेली.  विमलबाईसुद्धा देवाचं नाव अर्ध्यावर सोडून थांबली. मिथुन पुढच्या सीटवर वाकला आणि सासऱ्यांच्या पायांकडे बघू लागला. गुणाजीही तिकडेच बघत होते. त्यांचा उजवा पाय काथ्याच्या चटईत टाचेपर्यंत रुतला होता.

त्यांनी तो हळूच उचलला. चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली. अष्टमी येईपर्यंत ते तसेच बसून राहिले. मध्ये कमळाकरने आणखी दोन टेंपो मागे टाकले, तेव्हा त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले.

मुहूर्ताच्या वीस मिनिटं आधी नवरदेव मांडवात पोचला. थोरल्या जावयाचं सगळ्यांनी कौतुक केलं. "काय पळवलीय गाडी!" मिथुन सांगत होता. गुणाजी अक्षता वाटत होते आणि कुणाशी बोलत नव्हते. मुलीच्या बापाचं मन भरून आलं असेल असं लोकांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी पेणला व्याह्यांकडे पूजा होती. कमळाकर आणि शांती तोवर अष्टमीलाच होते. निघताना गुणाजी गाडीपाशी आले आणि मागचं दार उघडू लागले.

"बाबा, पुढं बसा की," शांती म्हणाली.

ते पुढे बसले. खिंड चढून गेली, उतरून गेली. बिबट्याच्या जागेवरून गाडी गेली तरी ते काही बोलले नाहीत. नागोठणं जवळ आलं तेव्हा त्यांनी समोर बघत विचारलं, "दांडी कधी काढली?"

कमळाकरने स्टिअरिंग घट्ट धरलं. "लग्नाआधी. आठ-धा दिस झाले आसतील."

"शांतीला ठाऊक?"

मागच्या सीटवर शांती खिडकीतून भातखाचरं बघत होती. मे महिन्यात तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"व्हय," गुणाजी म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "जावयबापू, एक बोलतो. कुठं बोलू नका. एकतीस वर्सांत मी कुणाला मागं टाकला नाय."

"म्हणजे?"

"म्हंजे नाय. ना ट्रक, ना टेंपो. बैलगाडी पण नाय, समोर पार मोकळा दिसल्याबिगर. मागं चाळीस माणसं बसलेली. कुणाची म्हातारी, कुणाची पोरं. माझी छातीच व्हायची नाय. बिबट्या दिसला तवा पण मी लाकडाच्या ट्रकामागं व्हतो, म्हणून तर येवढा निवांत दिसला." ते जरा हसले. "प्याशिंजर बोंबलायचे, कंडक्टर घंटी मारमारून दमायचा. मी म्हणायचो, काय करू बाबा, गाडी पिकअप घेत नाय. डेपोत माझी गाडी कितीवार खोलली आसंल. डिझेलच्या गाडीला काब्रेटर नसतो, नायतर तो पण काढला असता. बिचारे मेकॅनिक. कायसुद्धा मिळायचा नाय त्यांना."

कमळाकरला जगनची आठवण झाली. त्याला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. गुणाजींनी कोटाच्या खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, मान मागे टेकवली आणि पाय लांब केले.

नागोठणं सोडल्यावर पुढे एक यष्टी लागली. जुनी, धूळभरली, टपावर कुणाची तरी ट्रंक बांधलेली. ती तिच्या चालीने चालली होती. गुणाजींनी एकदा डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. "चांगला डरायवर हाय," ते पुटपुटले. "घाई नाय."

रस्ता सरळ होता आणि नजर जाईल तिथवर मोकळा. पाच मिनिटांनी शांती पुढे वाकली.

"अवो, समोर कोण नाय. पूजेला उशीर व्हईल. काढा की पुढं."

कमळाकरने शेजारी पाहिलं. गुणाजींचे दोन्ही पाय चटईवर सैल पडले होते, तोंड किंचित उघडं होतं. या गाडीत बसल्यापासून म्हातारा पहिल्यांदाच झोपला होता.

"नाय गो," कमळाकर हळू आवाजात म्हणाला. "आज गाडी पिकअप घेत नाय."